गावात एक खरकटं ताट मिळेना

वेबर्सव्हिल, ओहायो
सोमवार, दुपार

सगळ्यात आधी टपकला तो ऑर्व्हल. ज्याला कुणी बोलावलंच नव्हतं तो आधी, तोही मागच्या दारानं, आणि काखेत ती काटेरी तारांची फळी. मी म्हटलं, "तुला रे कुणी सांगितलं पाहुणे यायचेत म्हणून?" तर म्हणतो, "वहिनी, तुमच्याकडे कोण येणार हे तुम्हाला कळायच्या आधी पेट्रोल पंपावर कळतं." आणि बसला की फतकल मारून! बाहेरच्या खोलीत नव्हे, स्वयंपाकघरात, ओव्हनच्या बरोब्बर समोर, खिम्याचा मीटलोफ कुठवर आलाय ते नाकानं तपासत.

थांब. हे मधूनच सुरू झालं बघ. पत्र लिहायला बसले की हाताला आधी बातमी लागते आणि रीतभात मागं राहते. तर आता रीतसर. माझ्या लाडक्या इमोजीनला थोरल्या बहिणीचा पोटभर मुका. तुझा गुडघा कसा आहे? त्या नव्या डॉक्टरनं दिलेलं मलम लावतेस, की कपाटात ठेवून नुसतं त्याच्याकडे बघतेस? कोंबड्या अंडी देतायत ना? पास्टरच्या बायकोशी बोलणं सुरू झालं का, की अजून तुम्ही दोघी चर्चमध्ये एकमेकींच्या टोप्यांकडेच बघता? इकडे मी मजेत आहे. दात सोडले तर सगळं माझं स्वतःचं आहे आणि जागच्या जागी आहे. आणि तुझ्याकडून मला काहीसुद्धा नको, हे आत्ताच सांगून टाकते, कारण मागचं पत्र उघडायच्या आधीच "आता काय मागतेय ही" असं तू म्हणालीस, हे तुझ्याच लेकीनं मला सांगितलंय. (तिला रागावू नकोस, मी खोदून विचारलं होतं.) फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस. ही निव्वळ आनंदाची बातमी आहे. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. वेंडलच्या आत्म्याला शांती लाभो, पण नाचताना त्यानं माझ्या पायाचा पार भुगा केला होता.

तर बातमी अशी की तुझी बहीण प्रसिद्ध आहे. मिनेसोटात आहे, पेनसिल्व्हेनियात आहे, आणखी कुठं कुठं आहे. फक्त इथं वेबर्सव्हिलमध्ये कुणाला पत्ता नव्हता, आणि मलाही नव्हता. त्याचं असं झालं, की जुनी भांडी धुण्याची मशीनं जमवणाऱ्या लोकांचा एक क्लब आहे. हसू नकोस. लोक टपालाची तिकिटं जमवतात, आपला मामा दरवाज्याच्या मुठी जमवायचा, तशी ही माणसं भांड्यांची मशीनं जमवतात. तळघरं भरली आहेत म्हणे. वर्षातून एकदा भेटतात, आपापली मशीनं चालू करतात आणि भोवती खुर्च्या मांडून ऐकत बसतात. त्यातल्या दोघांनी मला फोन केला की तुमच्याकडे डॅफोडिल मशीन आहे असं ऐकलं, बघायला येऊ का. मी म्हटलं, या की, जेवायलाच या.

आता यात ऑर्व्हल आणि त्याची फळी कुठून आली ते सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यात गुंता व्हायला नको. काउंटीच्या म्युझियममध्ये आपल्या गावाची एक खोली केलीय. तिथं काय काय आहे विचार. कारखान्याच्या मालकांचा, हेंडरशॉटसाहेबांचा भिंतभर फोटो, हेंडरशॉटसाहेबांची टोपी आणि हेंडरशॉटसाहेबांनी शिकारीत मारलेल्या हरणाचं मुंडकं. जसा काही कारखाना त्या हरणानं चालवला. आम्ही बायकांनी जन्म घालवून एकेक डॅफोडिल हातानं जोडलं, त्याची खूण म्हणून तिथं सुईसुद्धा नाही, आणि कारखान्याच्या जागी आता ट्रक उभे राहतात. तर त्या खोलीत खिडकीपाशी एक जागा रिकामी आहे. म्युझियमच्या मिस विन्स्लो म्हणाल्या, आपल्या गावचं चालू मशीन मिळालं तर ते तिथं ठेवू, ते भांडी धुतंय याची फिल्म शेजारी दाखवू, आणि खाली पितळेची पाटी, तिच्यावर बनवणाऱ्यांची नावं. बनवणाऱ्यांची, इमोजीन! आणि हे नाही जमलं तर ती जागा ऑर्व्हलच्या काटेरी तारांना. त्यानं त्या फळीवर देशभरच्या कुंपणांच्या तारांचे वीतभर तुकडे ठोकलेत. प्रत्येक वेगळा आहे म्हणतो. त्याला फरक दिसतो. मला दिसत नाही, आणि गाईंनाही दिसत नसणार.

गावात चालू अवस्थेतलं डॅफोडिल आता माझंच उरलंय. एके काळी घरोघरी होतं, आठवतं ना? कारखान्यात ज्या मशीनला ओरखडा पडे ते कामगारांना निम्म्या किमतीत मिळे, त्यामुळे सगळ्या गावात ओरखड्याची मशीनं. एखाद्या घरात बिनओरखड्याचं दिसलं की लोक त्या घराबद्दल हळू आवाजात बोलायला लागत. माझ्याचा ओरखडा मागच्या अंगाला आहे, तो मी पाहुण्यांना मुद्दाम वळवून दाखवला, नवा कोट दाखवावा तसा.

हां, पाहुणे. ऑर्व्हलच्या मागोमाग आले. एक लायल, मिनेसोटाचा, ताडासारखा उंच, दातांचा डॉक्टर, बोलता बोलता डोळ्यांत पाणी येणारा. दुसरा एम्मेट, पेनसिल्व्हेनियाचा, गोल, नळ दुरुस्त करणारा. याच्या डोळ्यांत काही येत नाही, पण कुठल्याही खिशातून पाना येतो. त्यांच्या व्हॅनमध्ये आणखी दोन म्हातारी मशीनं रजई पांघरून बसली होती. "वाटेत इंडियानात मिळाली," असं लायल म्हणाला, कुत्र्याची पिल्लं मिळावीत तसं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, कोपऱ्यात माझं पिवळं डॅफोडिल बघितलं, आणि लायलनं टोपी काढून छातीशी धरली. मी आपली खिडकीतून बघते, रस्त्यानं कुणाची प्रेतयात्रा चाललीय की काय.

एम्मेट म्हणाला, "झाकण उघडू का, मॅम?" मी 'थांबा' म्हणेपर्यंत उघडलंसुद्धा. आत माझं पावाचं पीठ फुगत होतं. तुला माहीतच आहे, मी त्यात पीठच फुगवते. वारा लागत नाही, मांजर पोचत नाही, खाली कोमट पाण्याचं पातेलं ठेवलं की पीठ असं वर येतं की विचारू नकोस. त्या दिवशी तर जरा जास्तच आलं होतं, झाकणाला जाऊन टेकलं होतं. ते दोघे त्या पांढऱ्या फुगलेल्या गोळ्याकडे बघत राहिले. मग लायलनं अगदी हळू विचारलं, "आणि भांडी, मॅम?" मी म्हटलं, "भांडी सिंकमध्ये." "कधीच यात नाही?" "ख्रिसमसला घालते की. पण आधी धुऊन."

त्यावर ऑर्व्हल जो हसला, मला वाटलं याला आता पाठीत गुद्दे घालावे लागणार. पण तूच सांग, यात हसण्यासारखं काय? गावातली एकूण एक बाई धुऊनच घालायची. ओपल तर साबण लावून घासून, पुसून मग मशीनमध्ये ठेवायची. का, तर खरकटं ताट बघून मशीनला आपल्याबद्दल काय वाटेल. ज्या बायका मशीनं बनवत होत्या त्यांच्या घरची ही तऱ्हा, मग विकत घेणाऱ्यांचं देव जाणे.

बरं, पीठ काढलं, पाव ओव्हनमध्ये गेले, आणि लायलनं खिशातून बोटाएवढी बॅटरी काढली. झाकणाच्या कडेकडेनं उजेड फिरवायला लागला, कुणाची दाढ किडलीय ते बघावं तसा. आणि मागच्या कोपऱ्याशी आला मात्र, एकदम किंचाळलाच, "एम्मेट! मागचा डावा! हा मागचा डावा आहे!" एम्मेट धावत आला, वाकला, आणि म्हणाला, "बापरे." मी घाबरले. मला वाटलं उंदीर.

तर प्रकरण असं. झाकणाभोवती रबराची पट्टी असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. ती गोल फिरवत बसवत न्यायची आणि दोन टोकं जिथं भेटतील तिथं जोड द्यायचा. ते माझं काम होतं, माझं आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघींचं. आता या क्लबातल्या लोकांना दुसरा उद्योग नाही, त्यांनी सगळ्यांची डॅफोडिलं उघडून तपासली. बहुतेकांचा जोड पुढे उजवीकडे. काहींचा मागे डावीकडे. आणि ज्यांचा मागे डावीकडे, ती मशीनं अजून टिपूसभर गळत नाहीत. हे बसवणारा कोण, ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून त्यांनी त्याला नावच पाडलं, 'मागचा-डावा माणूस'. मेळाव्यात दर वर्षी कॉफीचे कप उंच करून म्हणतात, हा घोट मागच्या-डाव्या माणसासाठी.

मी म्हटलं, "माणूस कसला मेला! ती मी."

इमोजीन, तू तिथं असायला हवी होतीस. लायल मटकन खुर्चीत बसला आणि त्यानं चष्मा काढला. एम्मेटनं पाना खिशात ठेवला, हात पॅंटला पुसला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं, आणि मग आठवण होऊन डावा हात मागितला. कारण मी सांगितलं ना त्यांना, की मी डावरी. आपल्या त्या शाळेतल्या बाई या हातावर पट्टी मारायच्या, शेवटी मी सहावीतच शाळेला रामराम ठोकला. हेंडरशॉटमध्ये कुणी विचारलंसुद्धा नाही कुठला हात. डाव्या हातानं सुरू केलं की फिरत फिरत मागच्या डाव्या कोपऱ्यातच संपणार, आणि तिथवर येईपर्यंत रबर मुठीत गरम होऊन लोण्यासारखं मऊ झालेलं असायचं, म्हणून नीट बसायचं. एवढंच. त्यांना वाटलं होतं काहीतरी मोठी विद्या असेल. पण निराश नाही झाले हो, उलट एम्मेट "मुठीत गरम, मुठीत गरम" असं पुटपुटत राहिला.

मग ते मला पंपाबद्दल विचारायला लागले, पाणी फेकणाऱ्या पंख्याबद्दल, कुठल्या साली मोटर बदलली त्याबद्दल. मी म्हटलं, बाबांनो, मी सगळा जन्म झाकणावर होते, खाली काय आहे ते एकदाही वाकून बघितलं नाही. तर तेच मला सांगायला लागले! माझ्या घरातलं मशीन, माझ्या गावात बनलेलं, आणि त्याच्या पोटात काय काय आहे ते मी मिनेसोटाच्या दातांच्या डॉक्टरकडून शिकले. फार छान असतं ग आतून. ऑर्व्हल म्हणतो, "वहिनींनी म्हणजे जन्मभर पावाच्या कडाच कापल्या आणि म्हणे बेकरी चालवली." मी म्हटलं, "कडा होत्या म्हणून पाव राहिला आत. तू तुझ्या तारा मोज."

तेवढ्यात ओपल आणि फर्न आल्या. तुला ओपल आठवत असेल. भांडी ठेवायच्या टोपल्या निळ्या रंगात बुडवायची ती, लग्नाच्या फोटोतसुद्धा तिचे हात निळे आहेत. आणि फर्न म्हणजे आमच्या ऑर्व्हलची बायको, माझी जाऊ. ती शेवटच्या स्टुलावर बसून, मशीन पाण्यानं भरलं की खाली बॅटरी मारून गळती बघायची. (नवऱ्याच्या फळीकडे तिनं त्या दिवशी ढुंकूनही बघितलं नाही. एरवी तीच फळी तिच्या शिवणाच्या टेबलावर पडलेली असते.) एम्मेटनं नळाला पाइप जोडला, दोन जागी तेल घातलं, बटण दाबलं. आधी नुसतं हुं हुं झालं. मग ते थांबलं. आणि मग जे खळाळलं! आम्ही तिघी एकमेकींकडे बघतोय. पूर्वी असा आवाज शंभर मशीनांचा मिळून यायचा, कान किटायचे, एकट्या मशीनचा कधी ऐकलाच नव्हता. ऑर्व्हल म्हणाला ट्रॅक्टरसारखा वाटतो. आणि फर्न, या वयात, कुणी न सांगता गुडघ्यांवर बसली, लायलच्या हातातून बॅटरी हिसकावली, खाली बघितलं आणि पूर्वीसारखीच ओरडली, "कोरडं! पुढचं आणा!" मग तिला उठवायला दोघं लागले.

इतकं सगळं छान चाललेलं असताना मिस विन्स्लो कॅमेरा घेऊन आल्या. बाई चांगल्या आहेत, चष्मा गळ्यात साखळीला, पण एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. त्यांना मी माझ्या कपाटातली ताटं काढून दिली, घाला म्हटलं मशीनमध्ये. त्यांनी एक ताट उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "हे स्वच्छ आहे." मी म्हटलं, "थॅंक यू." त्या म्हणाल्या, "तसं नव्हे. स्वच्छ ताट आत गेलं आणि स्वच्छ ताट बाहेर आलं, तर हे मशीन करतं काय, असं लोक विचारतील. मला खरकटी भांडी हवीत. खरोखरची." एम्मेटनं लगेच टेबलावरची केचपची बाटली उचलली, ताटाला फासायला. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. आपली आई बाटलीत पाणी घालून हलवून शेवटचा थेंब काढायची, आणि तिच्या लेकीच्या देखत ताटाला केचप चोपडायचं? मिस विन्स्लोही म्हणाल्या, तसलं खोटं नको, लोक जेवले आणि भांडी खरकटी झाली असं हवं. मी म्हटलं, हात्तिच्या, जेवायचंच तर होतं!

आणि जेवलो ग. मीटलोफ, दूध आणि चीजमध्ये शिजवलेले बटाटे, बेकन घालून शेंगा, ओपलची ती हिरवी जेली (आत गाजर. आता इतक्या वर्षांनी तिला कोण सांगणार), डॅफोडिलमध्ये फुगलेले पाव आणि शेवटी गोड म्हणून रुबार्बच्या आंबट देठांची पाई. ताटं अशी माखली होती, की बघून मिस विन्स्लोंचे डोळे चमकले. त्यांनी कॅमेरा मशीनवर रोखला आणि म्हणाल्या, "आता एकेकानं उठा आणि ताट आत ठेवा. अगदी रोजच्यासारखं."

हे 'रोजच्यासारखं' म्हणायला नको होतं त्यांनी.

पहिली ओपल उठली. ताट हातात, मान ताठ, नीट कॅमेऱ्याकडे बघत निघाली मशीनकडे. पण मशीनच्या वाटेत सिंक आहे. मी ओरडले, "ओपल!" ती म्हणाली, "अगं, नुसतं विसळते." आणि विसळताना कडेला बटाटा चिकटला होता म्हणून जरा घासलं, आणि घासलंच आहे तर म्हणून मागची बाजूही. मी तिला झापत होते, झापता झापता खाली बघते तर माझेच हात ओले आणि हातात माझं ताट लख्ख. फर्ननं तर आपलं धुऊन शेजारच्याचंही घेतलं. लायलवर माझी भिस्त होती, तर तो त्याच्या नॉर्वेच्या आईच्या हाताखाली वाढलेला, "माफ करा, माफ करा, मला थांबताच येत नाही," असं म्हणत काटे-चमचेसुद्धा धुऊन मोकळा. एम्मेट म्हणाला, चरबी पाइपात जाते, नळवाला म्हणून हे माझ्यानं बघवत नाही. आणि मिस विन्स्लो, कॅमेरा एका हातात धरून, आपला कॉफीचा कप दुसऱ्या हातानं नळाखाली धरत होत्या! मी म्हटलं, "बाई, अहो तुम्हीपण?" त्यांनी कपाकडे असं बघितलं, जसा तो त्यांच्या हातात कुणी कोंबला.

राहिलं एकच ताट. ऑर्व्हलचं. आणि ते असं काही बरबटलेलं, की म्युझियमला शोभावं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. फर्न म्हणाली, "लग्न झाल्यापासून हा माणूस जिथं जेवतो तिथंच ताट टाकून उठतो. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग होतोय. ऊठ रे, उठून बाजूला हो." ऑर्व्हलनं ताटाकडे बघितलं. मग भिंतीशी टेकवलेल्या फळीकडे बघितलं. परत ताटाकडे. मग तो उठला, ताट उचललं, बाह्या सरसावल्या, आणि सिंकपाशी जाऊन धुतलं. इमोजीन, धुतलं! दोन्ही बाजूंनी. आणि मग मला विचारतो, "वहिनी, पुसायचं फडकं कुठे असतं?"

मला त्याला लाटणं मारायचं होतं, पण फर्नचा चेहरा बघून हात उठेना. ती बिचारी खुर्ची धरून उभी, आणि म्हणते कशी, "ऑर्व्हल, होतास कुठे इतकी वर्षं?" नंतर भांडी आवरताना (आवरायला काही नव्हतंच म्हणा) माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अर्डिथ, पाटीवर तुझं नाव यावं, माझंही यावं, असं मला मनापासून वाटतं. पण तो हे रोज करणार असेल, तर तारा जिंकल्या तरी माझी ना नाही." ही माझी जाऊ. माझ्याच बाजूची.

मिस विन्स्लोंनी हसून हसून डोळे पुसले, पण पाटीचं विचारलं तर मान हलवली. कमिटी पुढच्या सोमवारी बसते, तोवर फिल्म हवी, शनिवारी एकदाच आणखी येईन म्हणाल्या. लायल आणि एम्मेट तोवर मिशिगनला कुणाचं तरी मशीन बघायला गेलेत, येताना परत इथं थांबणार. जाताना लायलनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "मॅम, इतकी वर्षं तुम्हाला 'माणूस' म्हणून आता पाटीवर तुमचं नाव आलं नाही तर मी स्वतःला माफ करणार नाही. कृपा करून काही धुऊ नका."

ते गेल्यापासून मी हेच करतेय, म्हणजे हेच करता येत नाहीय. काल सकाळी अंडं खाल्लेली बशी टेबलावर ठेवली आणि हात मांडीखाली घेऊन बसले. फोन वाजला. ओपल होती, तिची बशी कशी आहे ते सांगायला. फोन ठेवते तर माझी बशी धुतलेली, आणि ओपलचीही, तिनं बोलता बोलता धुतली. शेजारचं ते नवं जोडपं, त्यांच्याकडे मागायला गेले तर ते कागदी ताटांत जेवतात. चर्चमध्ये विचारलं, कुणी तरी न धुतलेलं भांडं द्याल का, तर सगळ्या बायका अशा लाजल्या, जसं मी काही भलतंच मागितलं. "आमच्याकडे नसतं हो तसलं," म्हणाल्या, आणि दोघी घाईघाईनं घरी गेल्या, बघायला. आणि ऑर्व्हल, फर्न सांगते, रोज धुतोय. मला जिंकू द्यायचं नाही म्हणून धुतोय. गुणगुणत धुतोय.

असो. बातमी एवढीच. मला काही काळजी नाही, पाटी आली तर आली, नाही तर हरीण आहेच. गुडघ्याला जप, मलम लाव, कोंबड्यांना माझ्याकडून दाणे घाल. मुलांना मुके.

तुझी थोरली बहीण,
अर्डिथ (मागची-डावी)

ता. क. तू गुरुवारी हे वाचशील. शुक्रवारी सकाळी तुझ्या पडूकाहून बस आहे, तिकिटाचं मी बघते. इमोजीन, ये. आपल्या सगळ्या खानदानात जेवून उठताना ताट तसंच टाकून जायची धमक फक्त तुझ्यात आहे. ऑर्व्हल पुरुष म्हणून टाकतो, तू मनापासून टाकतेस. मी तुझं घर बघितलंय. मागच्या ईस्टरला तुझ्या सिंकमध्ये जे होतं आणि त्यावरून मी जे बोलले, ते सगळं मागे घेते, आईला मधे आणलं तेसुद्धा. एवढी एक गोष्ट बहिणीसाठी कर. काही करायचं नाही, हेच करायचंय.

ता. क. २. येताना तुझ्याकडचीही काही भांडी घेऊन ये, आहेत तशी, कपड्यांच्या टोपलीत, वरून टॉवेल टाकून. बसमध्ये कुणी विचारलं तर म्युझियमचं सामान आहे म्हण. खोटं नाही ते.

ता. क. ३. पाटीवर तुझंही नाव घालायला मी मिस विन्स्लोंना सांगितलंय, आणि त्या हो म्हणाल्यात. तू कारखान्यात एकच उन्हाळा होतीस आणि त्यातला बराचसा पॅकिंगच्या खोक्यात झोपून काढलास, पण पितळेवर एवढं बारीक कोरत नाहीत. शुक्रवारी रात्री मी तुझ्या आवडीचं कोंबडी-डंपलिंग करते, भरपूर रस्सा घालून. तू जेव, आणि जेवल्यावर मला कुणी तरी खोलीत कोंडून बाहेरून कडी लावा. लायल आणि एम्मेट शनिवारी सकाळी येतो म्हणालेत.